४४३ नॉट आऊट, ९ रन कमी आणि माझ्या वहीतला रिकामा रकाना

(या एपिसोडचा लिखित भाग. ऐकता ऐकता नेट गेलं असेल, तर इथून पुढे वाचा.)

मी चोरखमाऱ्याहून बोलून राहिलो. तिरोडा तालुका, गोंदिया जिल्हा. नागझिऱ्याला जंगल सफारीला आलेल्यांना आमचं गेट माहीत असेल, बाकीच्यांनी मॅपवर बघून घ्या. मागे टिटवीचा आवाज येईल, तो एडिट नाही केला. तलावाकडची आहे, तिला कोण गप्प करणार?

मागच्या एपिसोडनंतर एका ताईची व्हॉइस नोट आली. म्हणे, "दादा, ते अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांचे रेकॉर्ड रीलमध्ये येतात, आकडे भारी वाटतात, पण समजत काहीच नाही. एकदा सांगा ना." म्हटलं, सांगतो. म्हणून वाचायला बसलो. आणि वाचता वाचता बेसबॉलमधून निघून पुणे, कोल्हापूर, नाशिक, कल्याण करत आपल्या नागपूरला कधी पोचलो ते कळलंच नाही. शेवटी गाडी येऊन थांबली ती माझ्याच स्कोअरच्या वहीवर. ती गोष्ट शेवटी सांगतो, कारण त्यात चूक माझीच आहे.

तर आजचा प्रश्न साधा आहे. रेकॉर्ड म्हणजे नेमकं काय? आणि तो बनवतो कोण?

मेल्यावर मोडलेला रेकॉर्ड

सुरुवात एका कोड्याने. २०२४ च्या मे महिन्यात एका बॅटरने बेसबॉलमधला एक सगळ्यात जुना, सगळ्यात मानाचा रेकॉर्ड मोडला. तेव्हा त्याला मरून ७७ वर्षं झाली होती. कसं काय?

आधी बेसबॉलची अॅव्हरेज समजून घ्या, कारण ती आपल्यासारखी नसते. आपल्याकडे एकूण रनला आऊट होण्याच्या संख्येने भागतात. तिकडे बघतात की बॅटर खेळायला उभा राहिला त्यातल्या किती वेळा त्याने मारलेल्या फटक्यावर तो सुखरूप बेसवर पोचला. म्हणजे हजार वेळा उभा राहून तीनशे वेळा जमलं, तर अॅव्हरेज ०.३००. आणि गंमत बघा, दहातून सात वेळा फेल होणारा हा माणूस तिकडे स्टार समजला जातो!

टाय कॉब नावाचा एक खेळाडू होता. त्याची आख्ख्या करिअरची अॅव्हरेज ०.३६७. तो १९२८ मध्ये खेळायचा थांबला आणि त्यानंतर पिढ्यान्‌ पिढ्या यादीत पहिलं नाव त्याचंच. मग २०२४ ला त्याच्यावर एक नाव आलं, जोश गिब्सन, ०.३७२.

गिब्सन काळा खेळाडू. त्याच्या काळात अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूंना घेतच नव्हते. नियम म्हणून कुठे लिहिलेलं नव्हतं, पण घेत नव्हते. म्हणून त्यांनी आपल्या वेगळ्या लीग काढल्या, त्यांना नीग्रो लीग म्हणत. गिब्सन तिथला राजा. जानेवारी १९४७ मध्ये तो वारला, वय अवघं ३५. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मोठ्या लीगच्या मैदानात उतरला. तीन महिन्यांचा फरक, मंडळी!

पुढे २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने मान्य केलं की १९२० ते १९४८ मधल्या त्या सात लीगसुद्धा 'मेजर'च होत्या. मग जुन्या पेपरांमधले स्कोअर शोधून, जुळवून, तपासून २०२४ मध्ये दोन हजारांवर खेळाडूंचे आकडे अधिकृत यादीत टाकले. कोणी नवीन चेंडू टाकला नाही, कोणी नवीन फटका मारला नाही. फक्त वही उघडली आणि यादी बदलली.

अजून एक. गिब्सनच्या सन्मानफलकावर लिहिलंय की त्याने जवळपास ८०० होमरन मारले. पण अधिकृत यादीत त्याचे होमरन दोनशेच्याही आत आहेत. खोटं कोण बोलून राहिलं? कोणीच नाही. नीग्रो लीगच्या टीम गावोगावी फिरून लीगच्या बाहेरच्या मॅच भरपूर खेळायच्या. फलकाने त्याही धरल्या, यादीने नाही धरल्या. हे ध्यानात ठेवा, पुढे कामात येईल. आकडा विचारताना पहिला प्रश्न असा पाहिजे: कोणत्या मॅच धरल्या?

आपला गिब्सन आधीच होऊन गेला

आता पुण्याला या. पळवणकर बाळू. जन्म १८७६, धारवाडचा. चांभार समाजातला पोरगा, पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबवर मैदान राखायला होता. रोलर फिरवायचा, पीच तयार करायचं, नेट लावायचं. साहेब लोकांना प्रॅक्टिसला कोणीतरी बॉलर लागायचा, म्हणून याला बॉल टाकायला लावत. डावखुरा स्पिनर. तास‌न्‌तास बॉलिंग. बॅट मात्र हातात मिळायची नाही.

पुण्यातल्या हिंदू क्लबला गोऱ्यांना हरवायचं होतं. हा पोरगा तर गोऱ्यांना नेटमध्ये रोज बीट करून राहिला. तरी त्याला घ्यायचं की नाही यावर वाद झाला. शेवटी घेतलं. मैदानात एकच बॉल सगळ्यांच्या हातातून जायचा, ते चालायचं. चहाची वेळ झाली की बाळूला बाहेर, वेगळा, मातीच्या भांड्यात चहा. हे सांगताना मला अजूनही कसंतरीच होते.

१९११ ला पतियाळाच्या महाराजांच्या कॅप्टनशिपखाली भारताची टीम इंग्लंडला गेली. टीमचा दौरा काही चांगला झाला नाही. बाळू तेव्हा पस्तिशीचा. त्याने त्या दौऱ्यात ११४ विकेट घेतल्या, १८.८४ च्या अॅव्हरेजने. आता तुम्हीच विचारा, कोणत्या मॅच धरल्या? शाब्बास! त्यातल्या सगळ्या मॅच 'प्रथम श्रेणी'च्या नव्हत्या. म्हणून रेकॉर्डबुकमध्ये त्या दौऱ्याच्या त्याच्या प्रथम श्रेणीच्या विकेट ११४ पेक्षा कमी दिसतात. बॉल तोच, हात तोच, रकाना वेगळा.

भारताची पहिली टेस्ट १९३२ ला, रणजी सुरू झाली १९३४ ला. बाळू त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणजे टेस्टच्या यादीत नाव नाही, रणजीच्या यादीत नाव नाही. हिंदूंच्या टीमची कॅप्टनशिप त्याला मिळाली नाही. ती मिळाली १९२३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, आणि तीसुद्धा बऱ्याच वादावादीनंतर. उद्या कोणी विचारलं की भारताचा पहिला मोठा बॉलर कोण, तर आकड्यांच्या अॅपवर शोधू नका. अॅपमध्ये तेच असते जे कोणीतरी कधीतरी मोजायचं ठरवलं.

४४३ आणि समोरची टीम घरी गेली

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. साल १९४८.

त्या वर्षी दोन माणसं थोडक्यात हुकली. पहिला डॉन ब्रॅडमन. ऑगस्टमध्ये ओव्हलवर शेवटची टेस्ट, चार रन केले असते तर टेस्ट अॅव्हरेज पूर्ण १०० झाली असती. शून्यावर बोल्ड. ९९.९४ वर करिअर थांबलं. हे सगळ्यांना माहीत आहे.

दुसरा आपला. भाऊसाहेब निंबाळकर, कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८, पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजी मॅच. काठियावाड २३८ ला ऑलआऊट. मग निंबाळकर आले आणि मारतच राहिले. के. व्ही. भांडारकरांसोबत दुसऱ्या विकेटसाठी ४५५ रनची पार्टनरशिप. निंबाळकर पोचले ४४३ नॉट आऊटवर. ४९ फोर आणि सिक्स फक्त एक. टीमचा स्कोअर ४ बाद ८२६.

तेव्हा प्रथम श्रेणी क्रिकेटमधला जगाचा रेकॉर्ड होता ४५२ नॉट आऊट, १९३० सालचा. कोणाचा? ब्रॅडमनचाच! म्हणजे बरोबरीला ९ रन पाहिजे होते, मोडायला १०. मोजून दोन-तीन ओव्हरचं काम.

आणि ब्रेकमध्ये काठियावाडचे कॅप्टन, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो. महाराष्ट्राने समजावलं की दोनच ओव्हर खेळू द्या. ते ऐकले नाहीत. सामना सोडला आणि टीम घेऊन निघून गेले. आपल्याविरुद्ध जगाचा रेकॉर्ड झाला असं नाव नको होतं त्यांना.

आमच्या बांधीतल्या क्रिकेटमध्ये बॅट ज्याची तो आऊट झाला की बॅट घेऊन घरी जाते, तसंच झालं ना हे! फक्त इथे राजेसाहेब होते.

पुढे काय झालं? १९५९ ला पाकिस्तानच्या हनीफ मोहम्मदने ४९९ केले, पाचशेवा घ्यायला पळाला आणि रनआऊट झाला. १९९४ ला ब्रायन लाराने ५०१ नॉट आऊट केले, तो आजही जगाचा रेकॉर्ड. पण भारतातलं बघा. पृथ्वी शॉने २०२३ ला ३७९ केले, संजय मांजरेकरने ३७७ केले होते, अजून काही जणांनी साडेतीनशे ओलांडले. चारशे मात्र प्रथम श्रेणीत निंबाळकरांशिवाय एकाही भारतीयाला जमले नाहीत. पाऊणशे वर्षं होऊन गेली.

आणि एवढं करून निंबाळकर एकही टेस्ट खेळले नाहीत. एकही! २०१२ मध्ये वारले, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. म्हणजे रेकॉर्डला दुसरी गोष्ट लागते: समोरच्याने मैदानात थांबलं पाहिजे. तुमचं किती होईल हे फक्त तुमच्या हातात नसते.

काहीच न घडण्याचा रेकॉर्ड

सगळे रेकॉर्ड फोर-सिक्सचेच असतात असं कोणी सांगितलं?

बापू नाडकर्णी, जन्म नाशिकचा, १९३३. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांचे आकडे असे: ३२ ओव्हर, २७ मेडन, ५ रन, ० विकेट. यात लागोपाठ २१ ओव्हर मेडन. लागोपाठ १३१ बॉलवर एकही रन नाही! आजकाल आयपीएलमध्ये तीन डॉट बॉल पडले की आपण फोन ठेवून चहा घ्यायला जातो.

आता इथे खरी गंमत. लागोपाठ सगळ्यात जास्त मेडन ओव्हर कोणाच्या? नाडकर्णींच्या, २१. पण लागोपाठ सगळ्यात जास्त डॉट बॉल कोणाचे? नाडकर्णींचे नाही! दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डने १९५६-५७ च्या मालिकेत डर्बनला इंग्लंडविरुद्ध लागोपाठ १३७ बॉल डॉट टाकले. मग त्याच्या मेडन कमी कशा? कारण तेव्हा तिकडे ओव्हर ८ बॉलची होती. त्याच्या लागोपाठ मेडन झाल्या १६.

मोजमाप बदललं की पहिला नंबर बदलतो. ओव्हरमध्ये मोजा, नाशिकवाला पहिला. बॉलमध्ये मोजा, आफ्रिकावाला पहिला. दोघेही खरे.

बेसबॉलमध्ये याच्यावरून केवढं भांडण झालं. बेब रूथने १९२७ च्या सीझनमध्ये ६० होमरन मारले होते. १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने ६१ मारले. पण रूथच्या काळात सीझन १५४ मॅचचा होता, मॅरिसच्या वेळी १६२ चा झाला. मग तिथल्या कमिशनरनेच म्हटलं की हे दोन रेकॉर्ड वेगवेगळे दाखवा. मॅरिसच्या आनंदात मीठ पडलं ते पडलंच.

आपल्याकडेही तसंच बघा, आणि हे आपल्या विदर्भाचं आहे. २०२४-२५ च्या रणजीत विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९ विकेट घेतल्या, एका मोसमातल्या सगळ्यात जास्त. त्याआधीचा रेकॉर्ड ६८ चा, बिहारच्या आशुतोष अमनचा, २०१८-१९ मधला. पण अमनची टीम तेव्हा प्लेट गटात होती, म्हणजे नव्या आणि तुलनेने कच्च्या टीमांच्या गटात. हर्ष खेळला एलिट गटात, थेट फायनलपर्यंत. फरक एका विकेटचा दिसतो, पण आकड्यामागे समोर कोण होतं तेही बघा. अमनला कमी लेखायचं नाही, त्याने समोर आले त्यांना आऊट केलं. पण प्रश्न विचारायचा.

१००९ नॉट आऊट

समोर कोण होतं, यावरून कल्याणची गोष्ट सांगतोच. ४ आणि ५ जानेवारी २०१६. शाळांची अंडर-१६ स्पर्धा. के. सी. गांधी स्कूलचा प्रणव धनावडे, बाबा रिक्षा चालवतात. त्याने केले १००९ नॉट आऊट. १२९ फोर, ५९ सिक्स. एका डावात हजार रन करणारा जगातला पहिला माणूस.

त्याने मोडला ११६ वर्षं जुना रेकॉर्ड. १८९९ मध्ये इंग्लंडमध्ये ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या १३ वर्षांच्या पोराने शाळेच्या मॅचमध्ये ६२८ नॉट आऊट केले होते. आता त्या ६२८ ची मजा ऐका. असं सांगतात की तिथला स्कोअररच म्हणाला होता, ६२८ धरा, वीस इकडे नाहीतर तिकडे. बघा! शंभरपेक्षा जास्त वर्षं जग ज्याला पक्का आकडा समजत होतं, त्याला लिहिणाऱ्याचीच खात्री नव्हती.

प्रणवच्या मॅचचा हिशोब मात्र करून बघू. त्याच्या टीमचे ३ बाद १४६५. समोरची आर्य गुरुकुलची टीम ३१ आणि ५२ वर आऊट. १४६५ मधून ८३ वजा करा, १३८२. एक डाव आणि १३८२ रनने विजय. बरोबर बसला हिशोब.

समोरची पोट्टी लहान होती, बाउंड्री जवळ होती, असं तेव्हा बरंच लिहून आलं. ते खरंच होतं. पण दोन दिवस उन्हात उभं राहून हजार रन काढणं पण खरंच होतं. चूक प्रणवची नाही, चूक आपली. आपण त्या १००९ वरून ठरवून टाकलं की हा उद्याचा सचिन. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला महिना १०,००० रुपये स्कॉलरशिप दिली. पुढच्याच वर्षी, खेळ मनासारखा होईना तेव्हा, घरच्यांनी स्वतः पत्र देऊन ती थांबवायला सांगितली. मला विचाराल तर त्या पत्राला लागलेली हिंमत ५९ सिक्सपेक्षा कमी नाही.

रेकॉर्ड सांगतो की एके दिवशी काय झालं. उद्या काय होईल ते तो सांगत नाही.

संधीचा रकाना कुठे असतो?

आता आपल्या भागाकडे. विदर्भाची टीम रणजीत १९५७-५८ पासून खेळते. पहिली ट्रॉफी कधी? २०१७-१८ च्या मोसमात. साठ वर्षांनी! १ जानेवारी २०१८ ला इंदोरमध्ये दिल्लीला हरवलं. त्या फायनलमध्ये रजनीश गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली, रणजी फायनलच्या इतिहासातली फक्त दुसरी. मग २०१८-१९ ला परत आणि २०२४-२५ ला तिसऱ्यांदा. मुंबईचा वसीम जाफर शेवटची काही वर्षं आपल्याकडूनच खेळला. रणजीत १२,००० रन पार करणारा तो पहिलाच.

उमेश यादवचं तर तुम्हाला माहीत असेल. नागपूरजवळच्या खापरखेड्याचा, बाबा कोळशाच्या खाणीत कामाला. विशीपर्यंत टेनिस बॉलच खेळत होता, आपल्यासारखाच. पोलिसात लागायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आपल्या इथे सकाळी रोडवर पळणारी अर्धी पोरं भरतीचीच असतात, त्यांनी हे ऐकून ठेवा. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी आणि २०११ मध्ये टेस्ट. विदर्भाच्या टीमकडून टेस्टपर्यंत पोचलेला पहिला खेळाडू. टेस्टमध्ये १७० विकेट. आणि एक मजेशीर आकडा: २०१९ ला रांचीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १० बॉलमध्ये ३१ रन, ५ सिक्स!

सोलापूरकडची किरण नवगिरे. शेतकऱ्याची पोरगी, आधी भालाफेक आणि गोळाफेक करायची, क्रिकेट उशिरा लागलं. महाराष्ट्राच्या टीममध्ये जागा पक्की होईना, तर थेट नागालँडकडून खेळायला गेली. एप्रिल २०२२ मध्ये अरुणाचलविरुद्ध टी-ट्वेंटीत ७६ बॉलमध्ये १६२ नॉट आऊट. टी-ट्वेंटीत दीडशे पार करणारी पहिली भारतीय. पहिली महिला नाही बरं का, पुरुष धरूनसुद्धा पहिली! पुरुषांमध्ये तिलक वर्माने दीडशे पार केले ते नोव्हेंबर २०२४ मध्ये.

भालाफेकीवरून परत बेसबॉल. २००८ मध्ये भारतात एक टीव्ही स्पर्धा झाली, कोण जास्त जोरात आणि नेमका बॉल फेकतो. त्यातून उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू निवडले गेले, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघांनी आधी कधी बेसबॉल पाहिलाही नव्हता. वर्षभरात अमेरिकेत पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारावर घेतलं. व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळालेले पहिले भारतीय. आणि नाही, हा सिक्सवाला रिंकू सिंग नाही. नाव सारखं, माणूस वेगळा. क्विझमध्ये कोणालाही फसवता येईल.

माझी वही

आता माझी चूक.

धान कापून झाला की आमच्याकडे बांध्या मोकळ्या होतात. धसकटं काढली, थोडं पाणी मारलं, रोलर म्हणून पाण्याने भरलेला ड्रम फिरवला की पीच तयार. टेनिस बॉल, आठ ओव्हर, आजूबाजूच्या गावच्या टीम. मला धड बॅटिंग येत नाही, बॉलिंग येत नाही, म्हणून स्कोअर माझ्याकडे. काही वर्षं झाली आता.

तीन वर्षांपूर्वी एका पोट्ट्याने माझ्या डोळ्यांसमोर दोन ओव्हरमध्ये चार विकेट काढल्या. आख्ख्या सीझनभर तो तसाच टाकत होता. मी बॅटिंगचे रन लिहिले, एक्स्ट्रा लिहिले, टोटल लिहिली. बॉलिंगचा रकाना म्हटलं घरी जाऊन भरू. सगळं तर आठवतेच ना! दहा मॅच झाल्या, रकाना रिकामाच. मग पावसाळ्यात वही ओली झाली, तीही गेली.

पुढच्या वर्षी तो एका निवड चाचणीला गेला. तिथे फॉर्म होता, त्यात आधीची कामगिरी लिहायची होती, सोबत काही पुरावा असेल तर जोडायचा. त्याने मला फोन केला. "दादा, माझ्या त्या विकेट किती होत्या जी?" मी म्हटलं, "बावीस-तेवीस असतील बे." तो म्हणाला, "असतील की होत्या?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने तो रकाना कोराच सोडला. निवड झाली नाही. वहीमुळेच झाली नाही असं मी म्हणत नाही, तिथे चांगले पोट्टे आले असतील. पण त्याच्या हातात जो एक कागद असायला पाहिजे होता, तो माझ्यामुळे नव्हता. गिब्सनच्या मॅच कोणत्या तरी पेपरवाल्याने छापल्या होत्या, म्हणून सत्तर वर्षांनी सापडल्या. आमच्या बांधीत पेपरवाला नाही. आमच्या बांधीत मीच होतो.

म्हणून आता मी कसं लिहितो ते सांगतो. तुमच्याही गावात कोणीतरी स्कोअर लिहित असेल, त्याला हे पाठवा.

एक. वर तारीख, गाव, किती ओव्हर, कोणता बॉल, दोन्ही टीमची पूर्ण नावं. 'बंटी', 'छोटू' चालणार नाही. आधार कार्डावर आहे ते नाव.

दोन. बॉलिंगचा रकाना त्याच बॉलला भरायचा. घरी जाऊन नाही.

तीन. डाव संपला की तीन हिशोब जुळवायचे. सगळ्या बॅटरचे रन अधिक सगळे एक्स्ट्रा बरोबर टोटल. सगळ्या बॉलरने दिलेले रन अधिक बाय अधिक लेगबाय बरोबर टोटल, कारण वाइड आणि नो-बॉल बॉलरच्या नावावर जातात, बाय आणि लेगबाय जात नाहीत. आणि बॉलरच्या विकेट अधिक रनआऊट बरोबर पडलेल्या विकेट. जुळलं नाही तर तिथेच शोधायचं, कॅप्टन घरी जायच्या आधी.

चार. दोन्ही कॅप्टनची सही. हरलेल्याची तर आधी.

पाच. पानाचा फोटो काढून दोन्ही टीमच्या ग्रुपवर. वही भिजेल, दहा फोन एकदम भिजत नाहीत. नेट असेल तर क्रिकहिरोजसारख्या अॅपवर बॉल-बाय-बॉल टाका, खेळाडूच्या नावाने सगळं जमा होत जाते. आमच्याकडे जंगलाच्या बाजूला नेट येते-जाते, म्हणून आधी वही, मग अॅप.

तो पोट्टा अजून खेळते. आता त्याच्या प्रत्येक मॅचचं पान माझ्याकडे आहे, फोटोसकट. मागच्या सीझनला ९ मॅच, १७ विकेट. 'असतील' नाही, आहेत. तीनदा मोजल्या.

ताई, तुम्ही बेसबॉल विचारलं आणि मी वहीवर आलो, राग मानू नका. पुढच्या वेळी रीलमध्ये आकडा दिसला की चार प्रश्न विचारा: कोणत्या मॅच धरल्या, कशात मोजलं, समोर कोण होतं, आणि लिहिलं कोणी. मग आकडा समजू लागतो.

तुमच्या गावातला असा कोणता रेकॉर्ड आहे जो कुठेच लिहिलेला नाही? व्हॉइस नोट पाठवा. मात्र सोबत पानाचा फोटो पाहिजे. फोटो नसेल तर या सीझनपासून सुरू करा.

चला, अंधार पडून राहिला, गाई घरी आल्या. भेटू पुढच्या एपिसोडला. राम राम जी!